दारात थांबलेली ट्रॉली

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज ट्रॉली अडवली. गरज पडली तर उद्याही अडवीन!

राग अजून उतरलेला नाही. प्रणव (माझा नवरा) म्हणाला, आधी जेव, मग काय ते लिही. नाही ऐकलं. आज कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरल्यासारखं झालंय.

झालं ते असं. बेड चार, उदाजीराव. धारचे, जुन्या दरबारातलं घराणं, सत्तरी उलटलेली. न्यूमोनियानं दोन्ही फुफ्फुसं धरलीत. मास्कमधून जोरात ऑक्सिजन सोडला तरी रक्तातला जेमतेम नव्वद टक्के राहतो. कालपासून एकाएकी जास्तच खालावले, का ते कळेना, म्हणून छातीचा सीटी हवा होता. आयसीयू दुसऱ्या मजल्यावर, सीटी तळमजल्यावर, मधे आमची ती लहरी लिफ्ट. अंतर एवढंच. पण अशा माणसाला भिंतीवरच्या नळीवरून काढून छोट्या सिलेंडरवर घेतलं की तिथून पुढं सगळं त्या सिलेंडरच्या जिवावर. आणि इतका ऑक्सिजन ओढणाऱ्याला तो फार वेळ पुरत नाही.

मी सकाळभर ओटीत होते, भूल द्यायला. पियुषला (आमचा ज्युनियर डॉक्टर) सांगून गेले होते की तयारी करून ठेव. वर येऊन बघते तर ट्रॉली आयसीयूच्या दारात. उदाजीराव वर आडवे, सिलेंडर सुरू, आणि सगळे देवळात उभं राहावं तसे गप्प उभे. मला वाटलं लिफ्ट अडली. कसली लिफ्ट! अमृतचा चौघडिया, म्हणजे पंचांगातला दीड तासाचा शुभ पट्टा, लागायची वाट बघत होते. मुलगा रणवीर फोनमधल्या पंचांगावर डोळे लावून. आणि अगदी वेळेवर दाराबाहेर पडता यावं म्हणून त्यांना आधीच सिलेंडरवर घेऊन ठेवलेलं!

"मॅम, वो बोले अमृत लगते ही निकलना है," पियुष म्हणाला. "तो मैंने रेडी कर दिया।"

किती वेळ झाला विचारलं तर त्यालाही सांगता येईना. काटा लाल पट्ट्यात. उदाजीरावांचे ओठ राखेच्या रंगाचे. मॉनिटरवर सत्तरच्या घरातला आकडा, आणि बघायला कुणी नाही, कारण सगळे फोनकडे बघत होते. मी ट्रॉली फिरवली. भिंतीवर घेतलं. हळूहळू रंग आला. रणवीर मागून म्हणत होता, मॅडम, दो मिनट ही तो बाकी थे. मी म्हटलं, दोन मिनिटांनी तुम्ही यांना मुहूर्तावर न्याल, पण ऑक्सिजनशिवाय न्याल.

लागलं त्याला. लागू दे.

मुहूर्ताला मी हसत नाही. देवासात वाढले आहे. बाबांनी कारखान्यात लागल्यावर पहिली स्कूटर घेतली तीसुद्धा लाभ बघून. दुकानं, गाड्या, साखरपुडे — माळव्यात चौघडिया बघितल्याशिवाय कुणी काही करत नाही. बघा की. पण वाट बघायची ती भिंतीच्या ऑक्सिजनवर बघा!

भरलेला सिलेंडर मागवला तर स्टोअरमध्ये एकही नाही. आला तो संध्याकाळी. तोवर रोग हा अशुभ चौघडिया लागला होता, आणि अंधार पडल्यावर न्यायचं नाही म्हणून अक्कांनी सांगितलं. अक्का म्हणजे उदाजीरावांच्या पत्नी. सगळं हॉस्पिटलच त्यांना अक्का म्हणतं. खरं तर ऑक्सिजन इतका घसरल्यावर लगेच हलवायची माझीही तयारी नव्हती. पण दिवस गेला तो गेलाच.

नंतर डॉ. जयसिंगरावांनी खोलीत बोलावलं. हॉस्पिटल त्यांचं, आणि उदाजीराव त्यांचे सख्खे काका. सिलेंडर रिकामा का होता यावर एक शब्द नाही. म्हणाले, घरच्यांसमोर ट्रॉली परत फिरवलीस, कसं दिसलं ते?

कसं दिसलं! ते राखेसारखे ओठ कसे दिसत होते, ते विचारा ना.


बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी पियुषला समोर बसवलं. ओरडले नाही, काल पुष्कळ ओरडून झालं होतं. सांगितलं, खाली टेबल मोकळं झाल्याचा निरोप येईपर्यंत, लिफ्ट वर येऊन उघडी उभी राहीपर्यंत, पेशंट भिंतीवरच. सिलेंडर आधी उघडून बघायचा, चावी त्यालाच बांधलेली हवी, हातानं श्वास द्यायची अंबू बॅग उशाशी. आणि बरोबरच्यांपैकी एकानं फक्त पेशंटकडे आणि काट्याकडे बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत. तो म्हणाला, जी मॅम. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

आज शुभ चौघडिया होता, साडेदहानंतर दुपारपर्यंत. सिलेंडर भरलेला, मी स्वतः बघितलेला. आणि नेमका बायपासवर अपघात! तिघं एकदम आले, डोक्याला मार, सीटीचं टेबल अडलं. त्यांना थांबवा असं कुणाच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. रणवीरच्याही नाही, हे मी लिहून ठेवते.

पण शुभ निघून चालला होता. पुढं रोग, मग उद्वेग, दोन्ही अशुभ. अक्का बेडच्या पायथ्याशी उभ्या, नऊवारी, हातात कुंकवाचा करंडा. सकाळपासून माझ्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मला धडकी भरली की आजचाही दिवस हातचा जातोय. ह्या माणसाच्या छातीत काय चाललंय ते आणखी एक दिवस कळणार नाही.

आणि एकदम आई आठवली. माझ्या मेडिकलच्या परीक्षेला निघायचं होतं इंदूरला. दिवस चांगला नव्हता, म्हणून तिनं आदल्या दिवशी माझी ओढणी आणि सुपारी शेजारच्यांकडे नेऊन ठेवली होती. मी तेव्हा तिला काय काय बोलले होते!

म्हटलं, "अक्का, प्रस्थान ठेवलं तर चालेल?"

दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्यात ठेवतात?"

"आई ठेवायची."

त्या रणवीरला म्हणाल्या, ह्यांचं उपरणं काढ पिशवीतून. सुपारी, अक्षता, हळकुंड — सगळं होतं त्यांच्याकडे! उपरण्याच्या टोकाला गाठ मारली, उदाजीरावांचा हात लावून घेतला आणि स्वतः जिना उतरून गेल्या. शुभ असताना ते गाठोडं सीटीच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर ठेवलं. तिथला टेक्निशियन म्हणाला, माताजी, यहाँ सामान नहीं रखते. अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीच सरकवून द्यायला निघाला.

म्हणजे निघणं झालं. माणूस मागून, सवडीनं गेला तरी चालतो. जुन्या लोकांनी आपल्यासारख्यांसाठीच सोय करून ठेवलीय. आम्हीच विसरलो.

निरोप आला तेव्हा रोग सुरू झाला होता. रणवीरनं फोन काढला.

"ठेव तो," अक्का म्हणाल्या. "प्रस्थान झालंय. आता रोग असो नाही तर काळ."

निघालो. लिफ्टमध्ये जागा नसतानाही अक्का आत शिरल्या. नाही म्हणायला हवं होतं, म्हणवलं नाही. आणि दोन मजल्यांच्या मधे वीज गेली! मिट्ट काळोख. पियुषचा श्वास मला ऐकू येत होता. मॉनिटर बॅटरीवर चालू, आकडा जागच्या जागी. मी मोबाईलचा उजेड सिलेंडरवर धरला, काटा वर, हिरव्यात. अक्कांनी शांतपणे विचारलं, "हा काटा काय सांगतो?" मी सांगितलं, लाल पट्ट्यात आला की संपत आला. काल कुठं होता, विचारलं. लालमध्ये, म्हटलं. त्या जनरेटर लागेपर्यंत काट्याकडेच बघत राहिल्या.

सीटी झाला. वर आलो. भिंतीवर घेतलं. आकडा ब्याण्णव.

काहीही झालं नाही आज! किती गोड वाटतं हे लिहायला. पियुषनं कॅन्टीनमधून पोहे आणले, वर शेव इतकी की पोहे दिसेनात. उभ्याउभ्या खाल्ले.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी. म्हणून खालावत होते! रक्त पातळ करायचं औषध तासाभरात सुरू केलं.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते आज अंगावर आलं.

डॉ. जयसिंगरावांची खोली. ते, रणवीर, अक्का, मी. रणवीरनं कुठं तरी वाचलंय की गुठळीत वेळ फार मोलाचा. मंगळवारी नेलं असतं तर एक दिवस आधी औषध लागलं असतं. मॅडमने इगो में आकर ट्रॉली लौटाई. हे असं, माझ्या तोंडावर.

मी विचारलं, मंगळवारी सिलेंडरमध्ये काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं का? डॉक्टर जयसिंगराव म्हणाले, अवंती, तो विषय वेगळा. कसा वेगळा? तोच तर विषय! पण सिलेंडरचा विषय काढला की तो स्टोअरवर जातो, स्टोअरवरून मालकावर. माझ्यावर थांबवला की सगळ्यांची सुटका.

ठरलं असं की मी घरच्यांची माफी मागायची. लेखी नको म्हणाले, अगदी उदारपणे. तोंडी, सगळ्यांसमोर, राऊंडच्या वेळी. सोमवारपर्यंत. नाही मागितली तर आयसीयूतून बाहेर.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? अक्का. लिफ्टमध्ये होत्या, काटा त्यांनी स्वतः बघितला होता. त्या खिडकीतून टेकडीकडे बघत बसल्या.


शनिवार, १५ नोव्हेंबर

झोप नाही.

एक दिवस. तो दिवस डोक्यातून जात नाही. एक दिवस आधी गुठळी सापडली असती हे खरंच आहे. रणवीर खोटं बोलत नाही.

पण त्या सिलेंडरवर ते सीटीपर्यंत पोचलेच नसते. हेही तेवढंच खरं. लिफ्ट मंगळवारी अडली असती तर? मी पुन्हा पुन्हा ती ट्रॉली मनात जाऊ देते आणि दर वेळी ती लिफ्टमध्येच थांबते.

प्रणवला म्हटलं, मागून टाकू का माफी? दोन वाक्यं तर आहेत. आयसीयू तर राहील हातात. तो भांडी विसळत होता. म्हणाला, माग, पण मग पुढच्या वेळी ट्रॉली अडवताना तुझा हात उठेल का, ते आधी बघ.

फॅक्टरीत सुपरवायझर आहे, मितभाषी. वर्षातून एकदा बोलतो आणि झोप उडवतो.


सोमवार, १७ नोव्हेंबर

नाही मागितली.

राऊंडला सगळे जमले होते. डॉक्टरसाहेब माझ्याकडे बघून खाकरले. मी उदाजीरावांची छाती तपासली, औषधाचं प्रमाण पियुषला सांगितलं आणि बेड पाचकडे गेले.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आयसीयू काढून घेतला. ओटीही. आता तळमजल्यावर ओपीडी, ऑपरेशनआधीच्या तपासण्या. दम लागतो का, दात हलतात का, विडी ओढता का. खिडकी नाही, पंखा कुईंकुईं करतो.

दार मात्र नेमकं लिफ्टसमोर! शिक्षा देणाऱ्यानं एवढा विचार केला नसावा. वरून येणारी प्रत्येक ट्रॉली मला दिसते. आज एक बाई गेल्या, मास्क होता, पण बरोबर एकच वॉर्डबॉय आणि सिलेंडर त्यांच्या पायांवर नुसता ठेवलेला. मी खुर्चीवरून उठून गेले. "भिया, ये गिरेगा।" तो म्हणाला, मॅडम, आप तो अब इधर हो ना?

इकडे आहे. आंधळी नाही झाले. सिलेंडर पट्ट्यानं बांधून दिला आणि सीटीपर्यंत बरोबर गेले. डॉक्टरसाहेबांच्या कानावर जाईल. जाऊ दे!


गुरुवार, २० नोव्हेंबर

पियुष डबा घेऊन खाली येतो जेवायला. बातम्या देतो. उदाजीराव सुधारतायत, ऑक्सिजन निम्म्यावर आलाय, काल उठून बसले, चहाला साखर कमी म्हणून रागावले. ऐकून इतकं बरं वाटलं की माझा डबा मी त्यालाच दिला.

म्हणाला, मॅम, मैं वैसे ही करता हूँ जैसे आपने बताया. मग इकडेतिकडे बघून — पर सर जल्दी मचाते हैं।

अक्का दिसल्या, औषधांच्या दुकानाजवळ. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि पुढं गेल्या. एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कशाला रडले? त्या माझ्या कोण?

कुणी नाहीत. पण त्यांनी तरी बोलायला हवं होतं.


शनिवार, २२ नोव्हेंबर

इंदूरचं हॉस्पिटल हो म्हणालं. मोठं आहे, रोजचं जाणं-येणं जमेल. सोमवारी राजीनामा देते.

हरून जात नाही, हे इथं ठासून लिहिते. माफी मागितली नाही, मागणार नाही. पण ज्या दारात मी उभी असायला हवी ते दार सोडून जातेय आणि त्याचा मला राग येतो. स्वतःचाही येतो. तिकडं सिलेंडर भरलेले असतील. इथल्यांचं कोण बघणार? पियुष चांगला आहे, पण मालक समोर उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटते.

उद्या उदाजीरावांना वरच्या स्पेशल खोलीत हलवतायत. तिसरा मजला, पुन्हा लिफ्ट. अजून ऑक्सिजनशिवाय पाच मिनिटंही निघत नाहीत त्यांची. डॉक्टरसाहेबांना आयसीयूतला बेड मोकळा हवाय. मी पियुषला म्हटलं, सिलेंडर बघ. तो म्हणाला, जी. उद्या मला सुट्टी.


रविवार, २३ नोव्हेंबर

पियुषचा फोन. कुजबुजत बोलत होता. उदाजीराव अजून बेडवरच, भिंतीच्या ऑक्सिजनवर. ट्रॉली तयार, अमृत लागलेला, डॉ. जयसिंगराव स्वतः हजर. आणि अक्का आयसीयूच्या दारात खुर्ची टाकून बसल्यात. आधी काटा दाखवा म्हणाल्या. दाखवला, तर निम्म्यावर. तिथून हलायला तयार नाहीत. रणवीर पाया पडला, डॉक्टरसाहेब पाया पडले. उपयोग नाही. अक्का माझं नाव घेतायत.

मागून डॉक्टरसाहेबांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "काकीसाहेब, ऐका ना, अमृत संपेल."

मग अक्कांचा.

"संपू दे. ती येऊ दे."

मी निघाले.